आबांचा लष्करी डगला : ऑगस्ट ते जानेवारीच्या नोंदी

घरात जुना लोकरीचा लष्करी कोट असेल आणि तो दुरुस्त करायला घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचून घ्या. मी शिंपीण नाही, संग्रहालयातलं काम कधी केलेलं नाही. जिथे चुकले तिथे तसं लिहिलंय, किती पैसे आणि किती दिवस गेले तेही लिहिलंय.

कोट माझ्या आजोबांचा. त्यांना आम्ही आबा म्हणायचो आणि कोटाला घरात सगळे डगला म्हणतात. आबा महार रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. 1 जानेवारीला आत्याबरोबर डगला भीमा कोरेगावला न्यायचा, तोवर तो उचलण्यासारखा धड करायचा, एवढं ठरवून सुरुवात केली.

11 ऑगस्ट 2024, रविवार. कराडजवळचं गाव

आत्यानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवून ठेवली होती. ऐन पावसाळ्यात ट्रंक उघडायला नको होती. हवा इतकी दमट की तासाभरात लोकर हाताला ओलसर लागायला लागली. पण मला रजा याच आठवड्यात मिळाली.

आत डांबरगोळ्या होत्या, अर्ध्याअधिक विरून गेलेल्या. तरी कसर लागलेलीच होती. ट्रंकेचं झाकण एका बाजूनं वाकलंय, त्यामुळे वास कोंडून राहिला नाही. गोळ्यांचा वास आत साठला तरच कसर मरते, नाहीतर फक्त कपड्याला वास लागतो.

डगला असा: जाड खाकी लोकर, पोटरीपर्यंत लांब, दुहेरी छातीचा, समोर पितळी बटणांच्या दोन ओळी. पाठीवर दोन बटणांवर लागणारा अर्धा पट्टा. पट्ट्याखाली मागे मोठी चीर, म्हणजे चालताना पाय अडकत नाहीत. अस्तर फक्त वरच्या अर्ध्या भागाला. समोरच्या आठ बटणांपैकी सहा मूळची, दोन ठिकाणी शर्टाची पांढरी बटणं. धान्याच्या काट्यावर वजन 2 किलो 910 ग्रॅम.

पहिली चूक पहिल्या दहा मिनिटांत झाली. डगला अंगणात नेला आणि आपण घोंगडं झटकतो तसा झटकला. उजव्या खिशात घडी घातलेला एक कागद होता, तो फुटून त्याचा भुगा खाली पडला. त्यावर पेन्सिलीचं काही लिहिलेलं होतं एवढंच दिसलं. ते आता कधीच कळणार नाही. कृपा करून आधी सगळे खिसे बोटांनी चाचपा, फोटो काढा, मगच कोट हलवा.

18 ऑगस्ट

कसर मारायची सगळ्यात कमी नुकसानीची रीत गोठवण्याची. औषध नाही, पाणी नाही. डगला दोन जाड प्लास्टिक पिशव्यांमध्ये घालून, हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीनं बंद केलं. उणे 18 अंशांवर किमान दोन आठवडे ठेवायचा. घरच्या फ्रीजमध्ये मावणं शक्यच नव्हतं. पिंपरीत आमच्या गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्या दादांनी डीप फ्रीजरचा एक कोपरा दिला. पैसे घेतले नाहीत. पिशव्यांना 120 रुपये.

23 ऑगस्ट

काल रात्री नऊ तास वीज नव्हती. फ्रीजर उणे तीनपर्यंत आला होता. मोजणी पुन्हा एकपासून. अळी हळूहळू थंड होत गेली तर तग धरू शकते, म्हणून अर्धवट दिवस जमेला धरायचे नाहीत असं ठरवलं.

8 सप्टेंबर, रविवार

काल सकाळी पिशवी बाहेर काढली आणि आज उघडली. मधले चोवीस तास ती तशीच बंद ठेवायची असते, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी थेट गार लोकरीवर धरतं.

व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड (90 रुपये) रबरानं बांधलं, जोर सगळ्यात कमी ठेवला, आणि एकेक वीत भाग साफ केला. सहा तास लागले. कॉलरच्या उलट्या बाजूला आणि खिशांच्या झाकणांखाली कसरीची पांढरी कोशं चिकटलेली होती, ती चिमट्यानं एकेक काढली. शेवटी वजन केलं: 2 किलो 780. म्हणजे 130 ग्रॅम नुसती धूळ, कोशं आणि कसरीची विष्ठा.

एक गोष्ट लक्षात आली. कसरीनं डगला सगळीकडे सारखा खाल्लेला नाही. कॉलर, काखा आणि पाठीचा वरचा भाग चाळणीसारखा झालाय, खालचा घेर जवळपास शाबूत. त्याचं कारण वाचून माहीत होतं: नुसत्या स्वच्छ लोकरीपेक्षा घाम मुरलेली लोकर कसरीला जास्त आवडते. पण लष्करी डगला थंडीत घालायचा. त्याच्या कॉलरला इतका घाम कुठून आला?

15 सप्टेंबर

आजची चूक सगळ्यात महाग पडली आणि भरूनही आली नाही.

पूर्ण डगला धुवायचा नाही हे ठरलेलं होतं. ओल्या पांढऱ्या रुमालानं शिवणीवर दाबून पाहिलं तेव्हा रुमालाला खाकी रंग लागला होता. पण पाठीवरचा पट्टा सुटा निघतो, म्हणून वाटलं एवढा धुऊन बघू. नळाला गिझरचं पाणी होतं, जवळ रोजची कपड्यांची पावडर होती. दोन मिनिटं चोळला.

पट्टा 34 सेंटिमीटर होता, तो वाळल्यावर 30.5 झाला. वरून केसाळ आणि पुठ्ठ्यासारखा कडक. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. नंतर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून भिजवला, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून दोन दिवस ठेवला. 32 पर्यंत आला, पुढे नाही. आता पट्ट्याची काजं पाठीवरच्या बटणांपर्यंत पोचत नाहीत.

बटणं आत सरकवून शिवता आली असती. ते केलं नाही. बटणांच्या जागा मूळच्या आहेत, चूक माझी आहे, ती पट्ट्यावरच दिसू दे. दोन्ही टोकांना जाड दोऱ्याचे फास करून पट्टा अडकवलाय.

22 सप्टेंबर

बटणं. काळी पडली होती, म्हणून जागच्या जागी चिंचेच्या कोळानं घासली. पितळ चकाकलं, पण भोवतीच्या लोकरीवर हिरवट-तपकिरी वर्तुळं उठली. चार बटणं होईपर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नाही.

शेजारचे काका लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "बटन-स्टिक नाही लावली का?" मला शब्दच माहीत नव्हता. पितळेची चपटी पट्टी, मधे लांब खाच. बटण खाचेतून वर काढायचं, पट्टी कपड्यावर आडवी बसते, मग पॉलिश कपड्याला लागत नाही. काकांनी जुन्या एटीएम कार्डात कात्रीनं खाच पाडून मला तशी पट्टी करून दिली. उरलेली दोन बटणं त्यावर साधा कोरडा फडका फिरवून पुसली. चिंच नाही, पॉलिशही नाही. चकाकी कमी आहे पण लोकर वाचली. डाग ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनी टिपून टिपून फिके केले, पूर्ण गेले नाहीत.

पुसल्यावर बटणांवरचं चिन्ह वाचता आलं: एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला शिंगवाला घोडा, मधे ढाल, वर मुकुट. ब्रिटिश राजाचं राजचिन्ह. त्या काळी कुठल्याही पलटणीला चालणारं सरसकट बटण हेच.

29 सप्टेंबर, रविवार

आतल्या खिशाच्या अस्तरावर शाईचा डाग म्हणून सोडून दिलेली जागा होती. आज खोली अंधारी करून टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तेव्हा आकडे उठून दिसले. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा केला. शेवटचे चार आकडे स्वच्छ वाचता आले. वर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण, सरकारी मालाची.

आत्याला फोन केला. तिनं ट्रंकेच्या तळातून आबांचं डिस्चार्ज बुक काढलं आणि चश्मा लावून त्यांचा लष्करातला नंबर वाचला. शेवटचे चार आकडे तेच. (नंबर इथे लिहीत नाही.) म्हणजे डगला आबांच्याच नावावर दिलेला. नंतर कुठे विकत घेतलेला नाही. युद्धानंतर लष्करी कोट बाजारात ढिगानं विकायला आले होते, त्यामुळे ही शंका मनात होती. तुम्हीही हे तपासा, नुसत्या घरच्या सांगण्यावर जाऊ नका.

पण त्याच बुकानं दुसरी एक गोष्ट मोडली. आमच्याकडे पहिल्यापासून सांगतात की आबा ब्रह्मदेशात लढले, आणि डगल्याच्या खालच्या घेरात डाव्या बाजूला जे भोक आहे ते जपान्यांच्या गोळीचं. बुकात असं आहे: भरती नोव्हेंबर 1941, बेळगाव. सेवा वायव्य सरहद्द प्रांत. सुटका एप्रिल 1946. पदकं दोन, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. हे दुसरं पदक भारतातच तीन वर्षं सेवा केलेल्यांना मिळायचं.

रेजिमेंटच्या इतिहासाशीही हे जुळतं. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात पहिली महार बटालियन उभी राहिली. युद्धाच्या काळात पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या, ब्रह्मदेशात गेली ती दुसरी. आणि खरं तर डगलाच सांगत होता. ब्रह्मदेशच्या जंगलात, पावसात, तीन किलोची लोकर घालून कोण लढेल? ही पेशावरकडच्या थंडीसाठी दिलेली वस्तू.

चुलतभाऊ दादाला सांगितलं तर तो दुखावला. म्हणाला, "आता या वयात आत्याला हे सांगणारेस का?" मी म्हटलं, बुक तिनंच वाचलंय.

12 ऑक्टोबर. अशोक विजयादशमी

गावी आले, विहारात वंदना झाली. काम काही केलं नाही, आत्याशी बोलत बसले. नोंद ठेवायलाच हवी, कारण पुढचं काम तिच्या बोलण्यावरून बदललं.

मी कॉलरचा घाम आणि कसर सांगितलं. आत्या म्हणाली, "घाम असणारच. एप्रिलात घातला न्हवं त्यांनी."

आत्याचा जन्म 48 चा, तिनं हे आजीकडून ऐकलेलं. आबा सुटून गावी आले तेव्हा उन्हाळा होता. स्टेशनवरून गावापर्यंत डगला हातावर घेऊन आले. वेशीपाशी थांबले, डगला अंगात घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. आमच्या वस्तीकडे जायची पायवाट गावाबाहेरून होती, आमच्या माणसांनी तीच धरायची. आबा त्या दिवशी चावडीपुढून गेले. चावडीवर माणसं बसलेली होती. कुणी काही बोललं नाही. सरकारी बटणं होती अंगावर. घरी आले तेव्हा डगल्याच्या आतला सदरा पिळून काढावा असा झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, पुन्हा त्याच वाटेनं गेले. सगळा उन्हाळा हे चाललं होतं म्हणे. आजी म्हणायची, "मानूस उकडून मरंल, पर बटन सोडना."

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, त्यातली 22 नावं 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे आमच्या माणसांची. तरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लष्करानं महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडून टाकली. मग वीस वर्षं दार बंद. बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे चिरंजीव, त्यांनी हा विषय सोडला नाही. 1941 च्या जुलैत ते संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि ऑक्टोबरात बेळगावात पलटण उभी राहिली. आबा दुसऱ्याच महिन्यात भरती झाले. पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात तेव्हा कोरेगावचा स्तंभ होता.

हा डगला सरहद्दीवर चार हिवाळे चालला. गावात तो किती चालला ते कॉलर बघून कळतं.

20 ऑक्टोबर

कॉलर. आता अडचण अशी की घाम काढला नाही तर कसर पुन्हा येणार, आणि काढायला हात धजत नाही. दोन दिवस काहीच केलं नाही.

शेवटी कॉलरची फक्त आतली बाजू केली. रिठ्याचं अगदी पातळ कोमट पाणी, कापसाचा बोळा पिळून जवळजवळ कोरडा, घासायचं नाही, फक्त टेकवून उचलायचा. मग साध्या पाण्याचा बोळा, मग कोरडा फडका दाबून ओल शोषून घ्यायची. पस्तीस बोळे पिवळे-तपकिरी निघाले, मग रंग यायचा थांबला. बाहेरची बाजू तशीच ठेवली. तिथली मानेची काळपट रेघ दिसते, दिसू दे. सुकवायला पंखा लावला, ऊन नाही.

27 ऑक्टोबर

रफूचा पहिला प्रयत्न वाया. रविवार पेठेतून खाकीसारखी दिसणारी लोकर आणली, 310 रुपये. ट्यूबलाइटखाली रंग जुळत होता, सकाळी उजेडात पाहिलं तर हिरवा. एक बाही अर्धी भरली होती, सगळं उसवलं. उसवताना मूळचे दोन-तीन धागे तुटले.

10 नोव्हेंबर, रविवार

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या रफूगार चाचांकडे डगला नेला होता, तो आज परत आणला. त्यांनी आधी कापड उलटं केलं, खालच्या घेराची दुमड उघडून पाहिली आणि म्हणाले, "धागा बाहरसे नहीं लानेका. इसीका इसको." दुमडीच्या आत चार बोटं कापड होतं, ऐंशी वर्षं उजेड न पाहिलेलं. त्यातले उभे-आडवे धागे काढून त्यांनी बाह्यांची तीन भोकं भरली. भोकामागे 300, एकूण 900. आता ती शोधून सापडत नाहीत. मात्र दुमडीतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असतं, म्हणून त्यांनी काढलेले धागे आठ दिवस खिडकीत उन्हाला टाकले होते. हे मला सुचलंच नसतं.

कॉलर आणि पाठीला मात्र त्यांनी नकार दिला. तिथे आरपार भोकं कमी आहेत. वरची लव खाल्ली गेलीय आणि खालचा विणीचा सांगाडा उघडा पडलाय, तिथे रफू बसत नाही. काम येत नसताना घेणाऱ्यांपेक्षा असा स्पष्ट नकार देणारा माणूस बरा.

परतताना जुन्या बाजारात दोन पितळी बटणं मिळाली, पुढचं चिन्ह तेच, मागची कडी थोडी वेगळी. 350 रुपये. शर्टाची पांढरी बटणं आजीनं लावलेली होती. ती काढून डबीत ठेवली.

17 नोव्हेंबर

पांढरी बटणं परत लावली. जुन्या बाजारातली पितळी आता डबीत आहेत. आत्यानं फोटो पाहून एवढंच विचारलं, "आईची बटनं कुठं गेली?" डगला 1946 ला थांबलेला नाही, त्यापुढेही तो पस्तीसेक वर्षं अंगावर होता. आजीनं हाताला लागलं ते बटण लावून तो चालता ठेवला. 350 रुपये गेले, पण बटणं असोत जवळ.

24 नोव्हेंबर

खाल्लेल्या लवेसाठी फेल्टिंगची सुई वापरली. टोकाला बारीक काटे असलेली सुई असते, ती सैल तंतू खालच्या कापडात टोचून बसवते. तंतू त्याच दुमडीतल्या कापडावरून ब्लेडनं हलके खरवडून घेतले. खाली जाड स्पंज ठेवायचा. पहिल्या सुया शिवणीवर आपटून मोडल्या, तीन. दुसरा संच मागवला. दोन संचांचे 480.

रोज रात्री एक तास, असे बारा दिवस कॉलरला लागणार असा अंदाज आहे. जिथे आरपार भोक आहे तिथे हे चालत नाही, तंतू लटकत राहतात. तिथे आतून ठिगळ देऊन मग वर तंतू बसवायचे.

1 डिसेंबर

घेरातलं ते "गोळीचं भोक". भिंगाखाली पाहिलं. कसरीचं भोक असतं त्याची कड कुरतडलेली, मऊ, आजूबाजूची लव पातळ झालेली. याची कड काळी, कडक, बोटानं दाबली की चुरा होते. लोकर जळली की अशीच होते. ठिणगी पडलेली आहे.

आत्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "ते मला ठाऊक हाय. मीच व्हते त्याखाली."

ती पाच-सहा वर्षांची असताना आबा तिला पहिल्यांदा कोरेगावला घेऊन गेले. कराडहून पुण्यापर्यंत गाडीनं, पुढे चालत, ती बहुतेक आबांच्या खांद्यावर. 31 डिसेंबरची रात्र नदीकाठी उघड्यावर काढली. आबांनी डगला काढून तिच्या अंगावर घातला आणि स्वतः सदऱ्यावर शेकोटीपाशी बसून राहिले. लाकूड तडकलं, ठिणगी उडाली. आबांनी हाताच्या पंजानं विझवली. तळहाताला फोड आला होता, तो घेऊनच सकाळी त्यांनी स्तंभाला सलामी दिली. गोळीचं कुणी म्हणायला लागलं ते बरंच नंतर, आबा गेल्यावर. तिनं कधी खोडून काढलं नाही.

हे भोक भरायचं नाही. जळकी कड चुरू नये म्हणून मागून कोऱ्या मलमलचा तुकडा बारीक रेशमी दोऱ्यानं धरून ठेवलाय, टाके भोकापासून अर्धा इंच लांब. दादाला कळवलं. त्यानं उत्तरात फक्त विचारलं की भोकाचा जवळून फोटो आहे का.

15 डिसेंबर, रविवार

काखेतलं अस्तर कुजून फाटलंय. जुनं काढायचं नाही, वरून मलमलचा थर द्यायचा. नवी मलमल फार पांढरी दिसते म्हणून चहाच्या पाण्यात रंगवली. ही आणखी एक चूक. वस्त्रसंवर्धनाचं शिक्षण घेतलेली एक मैत्रीण भेटली, तिनं सांगितलं की चहातलं आम्ल आणि टॅनिन कापडात राहतं आणि पुढे तेच कापड ठिसूळ करतं, शेजारच्या जुन्या कापडालाही बाधतं. 160 रुपयांची मलमल बाद. दुसरी आणली, कोरी, न रंगवलेली. दोनदा साध्या पाण्यात उकळून खळ काढली. खळ राहिली तर तिला झुरळं आणि कसर लागते.

शिवताना वाकडी सुई वापरा, सरळ सुईनं अस्तर उचललं जातं आणि जुनं कापड फाटतं. टाके सैल. ताण आलाच तर नवा दोरा तुटावा, जुनं कापड नाही. दोन काखांना मिळून अकरा तास.

28 डिसेंबर

कॉलर पूर्ण झाली, अंदाजापेक्षा नऊ दिवस जास्त लागले. लांबून सलग दिसते, जवळून काम केलेलं कळतं. पाठीचं काम अर्धंच झालंय.

आतापर्यंतचा खर्च, दुसरी मलमल, डगला ठेवायच्या खोक्याचे 650 आणि दोऱ्या-सुयांचे 140 धरून, 3,360 रुपये. त्यातले लोकर आणि चहाची मलमल मिळून 470 सरळ वाया. वहीतले तास 94.

तारेच्या हँगरला डगला लावू नका. तीन किलोचं वजन खांद्याच्या दोन टोकांवर येतं. लाकडी रुंद हँगरला जुन्या गोधडीचा कापूस गुंडाळून वरून धुतलेलं सुती कापड शिवलं, खांद्यांचा गोल भरेल इतकं.

1 जानेवारी 2025, बुधवार. भीमा कोरेगाव

पहाटे चारला निघालो. गाड्या लांब थांबवतात, बरंच चालावं लागलं. आत्या 76 वर्षांची, तरी रिक्षात बसायला तयार नव्हती. डगला मी सुती कापडात गुंडाळून हातावर घेतला होता. कुणाच्या अंगात घालायचा नाही हे माझं ठरलेलं होतं. शिवणी जुन्या आहेत, काखेतले टाके सैल आहेत.

थंडी होती. रांगेत उभं असताना आत्या थरथरायला लागली. मी माझी शाल दिली. तिनं शाल घेतली नाही, हातावरच्या गाठोड्याकडे बघत राहिली. मग मी कापड सोडलं. बाह्यांत हात घालू दिले नाहीत, नुसता खांद्यांवर ठेवला, वरचं एक बटण लावलं, आजीचं पांढरं. तिला तो जमिनीपर्यंत आला. समोर माजी सैनिकांची रांग मानवंदनेला उभी होती. त्यातल्या एका वयस्कर फौजींनी डगल्याकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि विचारलं, "कंची पलटण?"

"पैली म्हार," आत्या म्हणाली.

त्यांनी तिला सॅल्यूट केला.

5 जानेवारी, रविवार

नुकसान तपासलं. डाव्या काखेतले चार टाके सुटलेत, जुनं अस्तर फाटलेलं नाही. दोरा सैल ठेवल्याचा उपयोग झाला. पट्ट्याचा एक फास तुटलाय. घेराला खाली कोरेगावची धूळ लागलीय. ती ठेवावी असं आत्याचं म्हणणं होतं. पण धुळीतले बारीक खडे घडीत लोकर कापतात, म्हणून मऊ ब्रशनं झाडून काढली आणि चिमूटभर कागदाच्या पुडीत बांधून तिला दिली.

सावलीत तीन तास पसरून ठेवला, मग खोक्यात. घडी एकच, कमरेवर, आणि घडीच्या आत धुतलेल्या जुन्या सुती चादरीचा गुंडाळा, म्हणजे कापडाला धार पडत नाही. बाह्यांत तसेच गुंडाळे. डांबरगोळ्या नाहीत. खोकं माळ्यावर नाही, आतल्या खोलीतल्या कपाटात, भिंतीपासून सुटं.

राहिलेलं काम: पाठीची खालची अर्धी बाजू, पट्ट्याचे फास, चार टाके. कॅलेंडरवर 30 मार्चच्या चौकोनात लिहून ठेवलंय: डगला उघडून बघणे, आत्याला बोलावणे.